हिमोग्लोबिन कमी असताना एचबीए१सी कितपत ग्राह्य धरावे?

सांजवेळ: आईचे (वय ६३) एचबीए१सी ६.९ आले आणि अहवालावर मधुमेहाचा शेरा आहे. उपाशीपोटीची साखर मात्र ९४, जेवणानंतर दोन तासांनी १३२. हिमोग्लोबिन ८.८ असून फेरिटिनही (शरीरातील लोहाचा साठा दाखवणारे प्रथिन) बरेच खाली आहे. मग कोणता आकडा खरा मानावा?

जुना तंत्रज्ञ: एचबीए१सी रक्तातील साखर थेट मोजत नाही. हिमोग्लोबिनच्या किती टक्के भागाला साखर चिकटली आहे हे ते मोजते आणि तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते हे गृहीत धरून त्यावरून गेल्या दोन-तीन महिन्यांचा अंदाज बांधला जातो. लोह कमी पडले की नव्या पेशी कमी तयार होतात, रक्तात जुन्या पेशींचे प्रमाण वाढते आणि त्यांना साखर चिकटायला अधिक काळ मिळालेला असल्याने साखर न वाढताही आकडा फुगू शकतो. म्हणूनच अशा रुग्णात मधुमेहाची ६.५ ची रेषा ओलांडली एवढ्यावर निदान करू नये. ग्लुकोज थेट मोजावे (उपाशीपोटी १२६ किंवा ७५ ग्रॅम ग्लुकोज घेतल्यावर दोन तासांनी २०० ही तिथली मर्यादा).

वैनगंगाकाठ: याची उलटी बाजू आमच्याकडे गडचिरोलीत दिसते. सिकलसेलच्या (हिमोग्लोबिनमधील आनुवंशिक दोष) रुग्णाच्या तांबड्या पेशी लवकर फुटतात, त्यामुळे मधुमेह असूनही एचबीए१सी निर्धोक दिसू शकते. एचपीएलसी या, हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राच्या आलेखात वेगळ्या हिमोग्लोबिनचे शिखर बहुधा उमटते, परंतु रुग्णाच्या हाती फक्त टक्केवारी पडते. आलेख मागून घ्यावा. फ्रुक्टोसामाइनची तपासणी रक्तातील प्रथिनांवर आधारलेली असल्याने पेशींच्या आयुष्याचा प्रश्न तिथे येत नाही. ती दोन-तीन आठवड्यांचे चित्र देते.

शेवगा: आकडा खरा असला तरी तो खाली आणणे हेच उद्दिष्ट ठरत नाही. टाइप १ मधुमेहात साखर काटेकोर राखल्यास डोळे, मूत्रपिंड व मज्जातंतूंची हानी कमी होते, हे १९९३ मध्ये डीसीसीटी अभ्यासाने दाखवले. मात्र ॲकॉर्ड या अभ्यासात, हृदयविकाराचा धोका अधिक असलेल्या टाइप २ च्या रुग्णांत एचबीए१सी ६ च्या खाली नेण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा त्या गटात मृत्यू वाढले आणि २००८ मध्ये ती उपचारपद्धती थांबवावी लागली. औषध सुरू करण्याची घाई नको, असे माझे मत आहे.

सांजवेळ: लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या आहेत. एचबीए१सी पुन्हा केव्हा करावे?

जुना तंत्रज्ञ: लगेच नको. गोळ्यांमुळे नव्या पेशींची भर पडू लागली की आकडा काही काळ खाली घसरतो. हिमोग्लोबिन पूर्ववत झाल्यावर तीन महिने जाऊ द्यावेत. तोवर डॉक्टरांच्या सल्ल्याने ग्लुकोजच तपासत राहावे. आणि या वयात लोह का कमी झाले, याचा शोध आधी घ्यावा.