कार्बाइडच्या जमिनीची सफाई सरकारी पैशातून व्हावी का?

धागालेखक
भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यात चाळीस वर्षे पडून असलेला 337 टन विषारी कचरा जानेवारी 2025 मध्ये बारा कंटेनरांतून इंदूरजवळच्या पिथमपूर औद्योगिक वसाहतीत हलवण्यात आला आणि जूनअखेर तो जाळून संपला. केंद्र सरकारने या कामासाठी 126 कोटी रुपये दिले. तेव्हापासून ‘कंपनीची घाण करदात्याने का काढावी?’ हा प्रश्न सारखा कानावर येतो. माझ्या मते सरकारने हा खर्च फार आधी करायला हवा होता, आणि यापुढेही करायला हवा.

जे जळाले त्यात 162 टन तर मातीच होती. उरलेले सेविन (तिथे बनणारे कीटकनाशक) व नॅफ्थॉल (त्याचा कच्चा माल) यांचे अवशेष, अर्धवट तयार झालेले कीटकनाशक आणि रिअॅक्टरमधील गाळ. म्हणजे गोदामात बांधून ठेवलेला माल तेवढा गेला. नागपूरची पर्यावरण संशोधन संस्था ‘नीरी’ आणि हैदराबादची भूभौतिकी संशोधन संस्था ‘एनजीआरआय’ यांच्या 2010 च्या अहवालात कारखान्याच्या परिसरातील दूषित मातीचा अंदाज सुमारे 11 लाख टन दिला होता. ही माती वायुगळतीच्या रात्री दूषित झालेली नाही. 1969 पासून कारखाना चालू असताना आवारात पुरलेल्या आणि बाहेरच्या तळ्यांत सोडलेल्या टाकाऊ रसायनांमुळे ती बिघडली. पैसे कोणाचे, हा वाद मिटेपर्यंत पाऊस ती रसायने भूजलात उतरवायचे थांबत नाही. म्हणून आधी सरकारने खर्च करावा आणि वसुलीचा दावा कायम ठेवावा. जमीन 1998 पासून राज्य सरकारच्या ताब्यात आहे. तेव्हा सफाईनंतर ती सार्वजनिक उपयोगासाठीच राहावी, एवढी अट मात्र पक्की हवी.

करदाता
‘आधी खर्च, मग वसुली’ हे कागदावर छान दिसते, परंतु आपल्याकडे त्यातला दुसरा भाग होत नाही. राजस्थानातील बिछडीचे उदाहरण घ्या. एच-आम्ल (रंग बनवण्यासाठी लागणारे रसायन) तयार करणाऱ्या कारखान्यांनी तिथल्या विहिरींचे पाणी नासवले, सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये ‘प्रदूषण करणाऱ्याने भरावे’ हे तत्त्व लावून त्यांना जबाबदार धरले, सफाईचा खर्च 37.385 कोटी रुपये ठरला, आणि 2011 मध्ये त्याच न्यायालयाला त्या रकमेवर चक्रवाढ व्याज लावावे लागले, कारण कंपन्या अर्जांवर अर्ज करत पैसे देणे टाळत होत्या. प्रतिवादी देशातच, निकाल हातात, तरी ही गत. भोपाळच्या बाबतीत तर न्यूयॉर्कच्या न्यायालयांनी माती आणि पाण्याच्या प्रदूषणाची जबाबदारी युनियन कार्बाइडवर टाकायला नकार दिलेला आहे. 2001 मध्ये कार्बाइड विकत घेणारी डाऊ आपला संबंध नाही म्हणते. अशा स्थितीत तिजोरी उघडली की पुढच्या प्रत्येक कारखानदाराला संदेश जातो: टाळे लावा, निघून जा, बाकीचे सरकार बघेल.

निधी हवाच असेल तर तो रसायन उद्योगाकडूनच यावा. दूषित जागांच्या सफाईसाठी केलेल्या अमेरिकेच्या 1980 च्या ‘सुपरफंड’ कायद्यात तेल आणि रसायनांवर खास कर होता. 1995 च्या अखेरीस त्याची मुदत संपली, निधी आटत गेला आणि भार सर्वसाधारण करदात्यावर आला. शेवटी 2021 च्या कायद्याने रसायनांवरचा कर पुन्हा आणावा लागला. आपण त्यांच्या चुकलेल्या वर्षांचीच नक्कल का करावी?

माळव्यातला
इंदूरहून लिहितो आहे. आपण दोघे खर्चाबद्दल बोलत आहात. आमच्याकडे तो खर्च कशावर झाला ते दिसते. जाळताना चुना मिसळावा लागल्याने राख आणि अवशेष मिळून आठशे टनांच्या वर गेले, म्हणजे आला त्याच्या दुपटीहून अधिक. भोपाळचा प्रश्न अडीचशे किलोमीटर सरकला, याला मी सफाई म्हणणार नाही. सार्वजनिक पैसा असेल तर ज्या गावाच्या माथी अवशेष येणार त्याला आधी विचारले पाहिजे. इथे लोक रस्त्यावर उतरल्यानंतर माहिती देण्याची धावपळ सुरू झाली.

धागालेखक
माळव्यातला, आपला मुद्दा मला पूर्ण मान्य आहे, आणि म्हणूनच 11 लाख टन माती कुठेही वाहून नेऊ नये असे माझे म्हणणे आहे. जागेवरच उपचार, अतिदूषित भाग बंदिस्त करणे आणि भूजलाची सतत तपासणी, हे कंटेनरांच्या ताफ्याइतके टीव्हीवर दिसत नाही. बहुधा म्हणूनच त्याला पैसे मिळत नाहीत.

करदाता, उपकराला माझा विरोध नाही. पण तो भविष्यातल्या प्रदूषणासाठी ठीक आहे. बंद पडलेल्या कारखान्याची घाण आजच्या कारखानदाराने का भरावी, या युक्तिवादावर तोही वर्षानुवर्षे न्यायालयात अडकेल. जुलै 2025 च्या दूषित स्थळांविषयीच्या नियमांत जबाबदार व्यक्ती सापडत नसेल किंवा भरू शकत नसेल तर खर्च केंद्र आणि राज्यांनी उचलावा, अशी तरतूद आहे. भोपाळ या तरतुदीत बसत नसेल तर कोण बसणार?

करदाता
तीच तर माझी भीती आहे. ‘सापडत नाही’ हे ठरवणार कोण? ज्या प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या डोळ्यांदेखत कारखाना चालला, त्यानेच तो ‘बेपत्ता’ ठरवायचा असेल तर बंद पडणारा प्रत्येक कारखाना सोयीने बेपत्ता होईल. शिवाय कार्बाइड ‘सापडत नाही’ असे सरकारने स्वतःच लिहून दिले, तर आपण म्हणता तो वसुलीचा दावा कायम कसा राहील? तेव्हा भोपाळसाठी पैसे द्यायचेच असतील तर ते अनुदान म्हणून न देता कर्ज म्हणून नोंदवा, कार्बाइड आणि डाऊ यांच्या नावावर, व्याजासह, आणि दरवर्षी ती थकबाकी संसदेपुढे ठेवा. एवढे होणार असेल तर माझा विरोध मी मागे घेतो.

माळव्यातला
त्या थकबाकीत आमच्याकडे साठवलेल्या राखेच्या देखरेखीचा खर्चही धरावा. ती राख पुढे कितीतरी वर्षे सांभाळावी लागणार आहे, आणि 126 कोटी तर संपले.