मॉडेल यूएनमध्ये मुलाला सेशेल्स आलाय, बोलायला काही आहे का?

मालाडची_आई
शाळांमध्ये ते मॉडेल यूएन असतं ना, एकेक देश बनून, ब्लेझर घालून भांडायचं, त्यात चिरंजीवांना सेशेल्स आलाय. विषय हिंदी महासागरातलं प्रादेशिक सहकार्य. बाकी पोरांना भारत, फ्रान्स, ऑस्ट्रेलिया आणि आमच्या वाट्याला नकाशावर शोधावा लागणारा ठिपका, नववीतला पोरगा कालपासून तोंड पाडून बसलाय की आमच्याकडे साधी नेव्ही नाही, मी बोलू काय. गूगल केलं तर नुसती हनिमून पॅकेजं येतायत. इथे शिपिंगवाले, मासळीवाले बरेच आहेत म्हणून विचारते, एवढ्याशा देशाला अशा बैठकांमध्ये खरंच कोणी विचारतं का की फोटोपुरतं बसवतात?

डेकवरचा_माणूस
ताई, विचारतात म्हणजे काय, एक काळ असा होता की सगळ्यांना त्यांच्या दारात जावं लागायचं. 2009 ते 12 च्या सुमारास मी त्या रूटला होतो, सोमाली चाचे तेव्हा एडनचं आखात सोडून मोठ्या बोटी ताब्यात घेऊन त्यावरून पार सेशेल्सपर्यंत यायला लागले होते. जहाजाच्या कडेने काटेरी तार, फायर होज चालू, आणि ब्रिजच्या, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीच्या बाजूला बॉयलर सूटमध्ये चिंध्या भरून उभी केलेली बुजगावणी, लांबून वाटावं माणसं पहाऱ्याला आहेत.

आता खरी गंमत ऐका. वेगवेगळ्या देशांच्या नेव्ही चाच्यांना पकडायच्या, पण पकडून करायचं काय? खटला कुठे चालवणार? कित्येकदा हत्यारं काढून घेऊन, खायला-प्यायला देऊन सोडून द्यायचे, खोटं नाही सांगत. तेव्हा सेशेल्सने 2010 मध्ये आपला कायदा बदलला, की चाचेगिरी आमच्या हद्दीबाहेर झाली तरी आमचं कोर्ट खटला चालवेल. शंभराहून जास्त सोमाली लोकांवर व्हिक्टोरियात, म्हणजे त्यांच्या राजधानीत, केसेस चालल्या. पैसा आणि मदत बाहेरून आली, मान्य, पण कोर्ट आणि जेल त्यांचं. अर्थात समाजसेवा म्हणून नाही, त्यांचं टुरिझम आणि मासेमारी दोन्ही बुडायला लागलं होतं.

आणि आपल्याकडे बघा. 2011 मध्ये नेव्हीने शंभरच्या वर चाचे मुंबईला आणले तेव्हा आपल्याकडे चाचेगिरीचा वेगळा कायदाच नव्हता, दुसरी कलमं लावून केस रखडत रखडत 2017 ला निकाल. आपला कायदा आला 2022 च्या डिसेंबरात. मग मार्च 2024 मध्ये आयएनएस कोलकाताने, पळवलेल्या रुएन जहाजावरचे 35 चाचे आणून मुंबईत यलो गेटच्या पोलिसांकडे दिले तेव्हा तो हाताशी होता. म्हणजे लाखभर वस्तीचा देश आपल्या बारा वर्षं पुढे, हे पोराने भारताच्या डेलिगेटकडे बघून बोलायचं 😄

नेव्ही नाही हे बरोबर पण कोस्टगार्ड आहे, आणि टोपाझ म्हणून त्यांची गस्तीची बोट आहे ती आपणच 2005 ला दिलेली.

नकाशावेडा_डोंबिवली
ठिपका म्हणू नका हो. जमीन साधारण 455 चौरस किमी, म्हणजे बृहन्मुंबईपेक्षा कमी, पण त्यांचं सागरी क्षेत्र साडेतेरा लाख चौरस किमीच्या आसपास आहे. आपलं अख्ख्या भारताचं 23 लाखांच्या घरात. निम्म्याहून जास्त झालं की! या बैठकांमध्ये जमीन नाही, पाणी मोजतात.

सहकार्याचं उदाहरण हवं असेल तर त्याला मॉरिशसबरोबरचा करार शोधायला सांगा. दोघांच्या मधल्या समुद्रतळावर दोघांचा हक्क लागत होता, जवळपास 3 लाख 96 हजार चौरस किमी. इतर देश असल्या गोष्टीवरून पिढ्यान्‌पिढ्या कोर्टात जातात, यांनी 2008 मध्ये यूएनकडे एकत्र अर्ज केला, 2011 ला तो मान्य झाला आणि 2012 ला तह करून टाकला की रेघ मारायचीच नाही, दोघं मिळून सांभाळू. बांध कोरण्यावरून भावाभावांत डोकी फुटणाऱ्या आपल्या लोकांना हे जरा जडच जाणार.

शिवाय समुद्राची माहिती मादागास्करच्या केंद्रात गोळा होते आणि पुढची कारवाई सेशेल्सच्या केंद्रातून ठरते, अशी वाटणी हिंदी महासागर आयोगाने, म्हणजे तिथल्या बेटांच्या देशांच्या संघटनेने केलीय. कर्जाचं प्रकरण पण आहे, 2 कोटी 16 लाख डॉलरच्या कर्जाची फेड समुद्र जपायच्या कामाकडे वळवून घेतली आणि त्या बदल्यात 30 टक्के समुद्र राखीव ठेवायचा शब्द दिला, 2020 ला तो पुरा केला.

ससूनडॉक_पहाटे४
सगळे आरती ओवाळतायत म्हणून दुसरी बाजू पण लिहितो. ट्युनाचं, म्हणजे आपल्या कुप्याचं काय ते बोला की. या महासागरातल्या ट्युनाचे नियम ठरवणारा जो आयोग आहे, आयओटीसी, त्याचं ऑफिसच व्हिक्टोरियात आहे, आणि त्याच व्हिक्टोरिया बंदरात स्पेन-फ्रान्सच्या महाकाय पर्ससीन बोटी, म्हणजे मासळीच्या थव्याभोवती जाळं टाकून ते आवळणाऱ्या, माल उतरवतात आणि तिथेच जगातल्या मोठ्या ट्युना कॅनिंगच्या कारखान्यांपैकी एक उभा आहे. देशाचं पोट त्यावर आहे. मग हा देश त्या बोटींना किती बोलणार?

त्या बोटी काय करतात, तराफे सोडतात पाण्यात, खाली जुनी जाळी-दोर लोंबत असतात आणि वर जीपीएसचा बोया. सावली धरून आधी छोटी मासळी येते, तिच्यामागे मोठी, बोया बसल्या जागी सांगतो खाली किती माल जमलाय. मग फक्त जायचं आणि जाळं आवळायचं, त्यात पिवळ्या पराच्या ट्युनाची पिल्लं पण येतात. आपल्याकडे एलईडी दिव्यांच्या मासेमारीवरून आणि पर्ससीनवरून डोलवाले, म्हणजे डोल जाळ्याचे छोटे मच्छीमार, का बोंबलतात ते ज्याला माहितीये त्याला हे समजवायला नको. मालदीववाले गळाने एकेक मासा काढतात, त्यांचा या तराफ्यांवर राग आहे तो उगाच नाही. 2023 ला आयओटीसीच्या मोंबासाच्या बैठकीत वर्षातले 72 दिवस तराफे बंद असा ठराव झाला, युरोपियन युनियनने हरकत घेतली, पाठोपाठ आणखी देशांनी, आणि ठराव कागदावरच राहिला.

तेव्हा पोराला सांगा, मालदीवचा डेलिगेट इथेच पकडणार.

गिरगाव_चाळ_नं३
नववीच्या पोराला इतकं? आमच्या वेळी वक्तृत्वाला "माझा आवडता सण" असायचा

मालाडची_आई
बापरे, सगळ्यांना थँक्यू, तो आत्ता माझ्या खांद्यावरून वाचतोय. त्याचा प्रश्न असा की भारत झालेला मुलगा म्हणणार, बोटी आम्ही दिल्या, तेव्हा तुम्ही आमच्याच बाजूने मत द्या. त्यावर काय बोलायचं?

नकाशावेडा_डोंबिवली
त्यावर सेशेल्सचं अझम्पशन बेट. 2015 ला मोदी तिकडे गेले तेव्हा भारताने तिथे धावपट्टी, जेट्टी वगैरे बांधायचं ठरलं, 2018 च्या जानेवारीत सुधारित करार पण झाला. पण तिथे लोक रस्त्यावर उतरले, शेजारीच अल्डाब्रा आहे, महाकाय कासवांचं, जागतिक वारसा यादीतलं, आणि परकी लष्कर नको हा मुद्दा होताच. संसदेत विरोधकांचं बहुमत, ते म्हणाले मंजूर करणार नाही. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष डॅनी फॉर यांनी जूनमध्ये जाहीर करून टाकलं की मी तो संसदेत मांडतच नाही. आणि त्याच महिन्यात ते दिल्लीला आले, तर आपण त्यांना टेहळणीचं डॉर्नियर विमान दिलं, वर संरक्षणासाठी 10 कोटी डॉलरचं कर्ज. ते चिडून बसले नाहीत, आपणही नाही, कारण ती जागा सोडून आपल्याला चालणार नाही आणि चीन पण तिथे हात पुढे करून उभाच आहे.

हे एवढं पाठ करायला सांगा, आणि फॉर यांनी 2019 ला पाणबुडीत बसून 124 मीटर खालून भाषण केलं होतं त्याचा व्हिडिओ दाखवा. सुरुवात तिथूनच करायची, समोरचे ब्लेझर गप्प.

ससूनडॉक_पहाटे४
आणि तराफ्यांवर विचारलं तर सरळ म्हणायचं, आम्ही आमच्या बंदरात बोटी मोजतो, बोटींवर निरीक्षक बसवा आणि खर्च युरोपने द्यावा. खरं उत्तर नाहीये ते, पण वेळ निघतो.