इंटरनेट सोलापुरातही आहे, मग पुण्याशी असलेली दरी का मिटत नाही?

प्रश्न :
सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाल्यानंतर डेटा इतका स्वस्त झाला की सोलापुरातील यंत्रमाग कामगार आणि हिंजवडीतील संगणक अभियंता जवळपास सारख्याच दराने इंटरनेट वापरतात. तरीही दोन्ही शहरांतील कमाईत एवढे अंतर का?

प्रतिसाद १ :
फोर्मन, गोल्डफार्ब आणि ग्रीनस्टीन या अर्थतज्ज्ञांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १९९५ ते २००० या काळातील अमेरिकी वेतनवाढ तपासली, तेव्हा असे आढळले की उद्योगांनी प्रगत इंटरनेट जवळपास सर्वत्र स्वीकारले असले तरी त्याच्याशी निगडित लक्षणीय वेतनवाढ केवळ सुमारे ६ टक्के काउंट्यांत (अमेरिकेतील जिल्ह्यांसारख्या विभागांत) दिसली. आणि या काउंट्या आधीपासूनच श्रीमंत, सुशिक्षित, दाट वस्तीच्या व संगणक उद्योगात पुढे असलेल्या होत्या. पुण्याकडे विद्यापीठ, अभियांत्रिकी महाविद्यालये आणि सॉफ्टवेअर कंपन्या आधीच होत्या. जोडणीने त्यांचे काम परदेशी विकता आले. चादर आणि टॉवेल विणण्याचे काम तारेवरून पाठवता येत नाही.

प्रतिसाद २ :
हे अर्धेच चित्र वाटते. केरळच्या किनाऱ्यावर १९९७ नंतर मोबाइल आले (इंटरनेट नव्हे, साधे फोन), तेव्हा मच्छीमार समुद्रातूनच भाव विचारू लागले, बाजारांतील किमतींची तफावत घटली आणि त्यांचा नफा वाढला, असे अर्थतज्ज्ञ रॉबर्ट जेन्सन यांनी दाखवले आहे.

प्रतिसाद १ :
मान्य, परंतु तो मच्छीमार मालाचा धनी होता. मजुरीवर माग चालवणाऱ्याला दिल्लीचा भाव कळून काय उपयोग?