शब्दचर्चा: ‘गाडी वाहून गेली’ की ‘गाडी पाण्यात घातली’?

भाषांतरवाली
रस्ते आणि लहान पुलांच्या देखभालीच्या एका कराराचं मराठी करते आहे. त्यात ‘ॲक्ट ऑफ गॉड’ आलंय, म्हणजे अशी आपत्ती आली तर रस्त्याची जबाबदारी असलेल्याला उत्तरदायित्वातून सूट देणारं कलम. कोशात दैवी आपत्ती, ईश्वरी कृती, नैसर्गिक आपत्ती असे तिन्ही शब्द सापडले. लगेच पुढचं कलम आहे ते पुराच्या पाण्यात वाहनचालक दगावला तर उत्तरदायित्व कोणाचं, याचं. त्यामुळे शब्द चुकवून चालणार नाही. कृपया ‘देवाची करणी’ सुचवू नका, मला लगेच नारळातलं पाणी आठवतं.

जुना कारकून
ताई, आपल्याकडे शब्द आधीपासून आहे, ‘अस्मानी’. अस्मान म्हणजे आभाळ. त्याची जोडी सुलतानीशी. आभाळाने केलेला घात ती अस्मानी, राज्यकर्त्याने केलेला ती सुलतानी. जुन्या महसुली व्यवहारात अशा प्रसंगी रयतेला शेतसाऱ्यात सूट मिळावी म्हणून हा जोडशब्द यायचा. म्हणजे आभाळ कोसळो की फौज येवो, दोन्हीकडून सुटका रयतेची. तुमच्या कलमात नेमकं उलटं झालंय. अस्मानी म्हटलं की आता सुटतो तो सुलतान.

भाषांतरवाली
वा! पण करारात ‘अस्मानी’ लिहिलं तर पक्षकार मला आभाळ दाखवतील.

काळा कोट
‘नैसर्गिक’ मात्र लिहू नका. कायद्याच्या दृष्टीने तो शब्द फार ऐसपैस आहे. प्रत्येक पूर नैसर्गिक असतो, पण प्रत्येक पूर ‘दैवी आपत्ती’ नसतो. दैवी आपत्ती ठरायला दोन गोष्टी लागतात: माणसाचा हात नसावा, आणि नेहमीची खबरदारी घेणाऱ्याला ती आधी कळण्यासारखी किंवा टाळता येण्यासारखी नसावी. 1876 चा इंग्लंडमधला निकाल आम्हाला कॉलेजात पाठ करावा लागायचा. चेशायरमध्ये एका बाईच्या जमिनीवरची कृत्रिम तळी अभूतपूर्व पावसाने फुटली आणि खालचे चार पूल वाहून गेले. न्यायालयाने ती सुटली असं धरलं, कारण तसा पाऊस कुणाच्या हिशेबात नव्हता. सगळा जोर ‘अभूतपूर्व’ वर आहे. जुलैत कोकणात पाऊस पडला, याला अभूतपूर्व कोण म्हणेल?

पंचगंगाकाठ
आमच्याकडे तर पुराला आकडे आहेत. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा 39 फुटांवर गेली की इशारा पातळी, 43 फुटांवर धोका पातळी. पावसाळ्यात अमुक इतके बंधारे पाण्याखाली गेले ही बातमी चहाबरोबर येते, आणि त्यातल्या कित्येक बंधाऱ्यांवरूनच गावाचा रस्ता जातो. ‘इशारा’ हा शब्द सरकारनेच छापलाय. इशारा देणाऱ्याला नंतर ‘आम्हाला काय ठाऊक’ म्हणता येतं का, हे वकीलसाहेबांनी सांगावं.

काळा कोट
म्हणायला कोणी अडवत नाही. टिकत नाही इतकंच. मात्र इशारा दुधारी असतो, ‘चालकालाही ठाऊक होतं’ असं समोरचा म्हणतोच.

फरशीपल्याड
मी यवतमाळकडचा. इकडे त्याला कुणी ‘कमी उंचीचा पूल’ म्हणत नाही, ‘फरशी’ म्हणतात. ‘फरशीवरून पाणी आहे’ म्हटलं की शाळा, दवाखाना, बाजार सगळं बंद. दोन्ही टोकांना पाटी असते, ‘पुलावरून पाणी वाहत असताना वाहन नेऊ नये’. आता ‘नेऊ नये’ मधला कर्ता शोधा. कोणी नेऊ नये? कोणी अडवावं? पाटीला काही म्हणायचं नाही. उद्या काही झालं तर दाखवायला ती तिथे उभी आहे.

28 सप्टेंबर 2021 ला आमच्या जिल्ह्यात उमरखेडजवळ दहागावच्या नाल्यावर नांदेडहून नागपूरला जाणारी एसटी वाहून गेली, माणसं गेली. त्या दिवसापासून मी अशा बातम्यांतलं क्रियापद बघतो. तीन प्रकार सापडतात. ‘गाडी वाहून गेली’, म्हणजे कुणीच काही केलं नाही. ‘पुराने गाडी वाहून नेली’, म्हणजे पुराने केलं. ‘चालकाने गाडी पाण्यात घातली’, म्हणजे खटला चालायच्या आधीच निकाल. हे ‘घातली’ फार जड क्रियापद आहे. विष घालतात, घाव घालतात, घोळ घालतात. ज्याने पूल उघडा ठेवला त्याच्यासाठी मात्र क्रियापदच नाही. तिथे वाक्य होतं, ‘पूल वाहतुकीस खुला होता’. तो आपोआपच खुला असतो बहुतेक.

बाकी शहरातले लोक विचारतात, ड्रायव्हरला अक्कल नव्हती का? फरशीवर पाणी पोटरीएवढं दिसतं. गढूळ पाण्याखाली फरशी आहे की खचली आहे, ते वरून कळत नाही. मागे पन्नास प्रवासी ‘काढा हो, निघेल’ म्हणत असतात.

महाडकर
दहागाव आणि सावित्री एका मापाने मोजू नका. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा पूल पडला. 1928 चा, ब्रिटिशांच्या वेळचा, दगडी कमानींचा. जयगड–मुंबई आणि राजापूर–बोरिवली या दोन एसटी गेल्या, बरोबर दुसऱ्या गाड्याही. त्या चालकांनी कशातही काही ‘घातलं’ नव्हतं. रात्र, पाऊस, दिव्यांच्या झोतात रस्ता दिसतोय, आणि पुढे रस्ता नाही. शेजारचा नवा पूल शाबूत होता. त्याच वर्षी मे महिन्यात जुन्याची तपासणीही झालेली. त्या रात्री गाड्या अडवल्या त्या पुलाजवळच्या एका गॅरेजवाल्याने, रस्त्यावर उभं राहून. ज्याच्यावर कायद्याने कसलंच उत्तरदायित्व नव्हतं, तो ‘नेऊ नये’चा कर्ता झाला.

नवीन पूल 165 दिवसांत बांधून झाला. बातम्यांत तो आकडा अभिमानाने येत होता, आणि आम्ही गावात म्हणत होतो, मग आधी काय अडलं होतं?

ठाणे अंमलदार (निवृत्त)
फरशीपल्याड, क्रियापदांचं बरोबर बोललात. त्यात आमच्या खात्याची भर घ्या. अपघाताच्या फिर्यादीत एक साचा ठरलेला असतो: ‘भरधाव वेगाने, हयगयीने, अविचाराने, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून’. नोकरीत हे वाक्य मी किती वेळा लिहिलं याची गणती नाही, आणि ‘रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष’ कुणाचं, हा प्रश्न कधी पडला नाही. रस्त्याची परिस्थिती ज्याच्या ताब्यात, त्याचं नाव त्या वाक्यात यायला जागाच नाही. आणि आरोपी म्हणून चालकाचं नाव लागलं आणि तोच मयत असला, तर तपास ‘अबेटेड समरी’ होऊन मिटतो. मेलेल्यावर खटला चालत नाही. पण हयगय त्याचीच होती ही नोंद कागदावर राहते, आणि दावा करायला गेलेल्या बायकोपोरांपुढे तोच कागद धरला जातो.

काळा कोट
अंमलदारसाहेब, तुमचं शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं आहे. मोटार अपघात न्यायाधिकरणात चालकाचीच चूक दिसली की त्याच्या वारसांचा दावा लंगडा होतो. पगारी चालकाला मात्र दुसरी वाट आहे. 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यात सूचना मोडली, हुकूम डावलला हे मालकाचे बचाव इजेपुरते ठेवले होते. कामावर मृत्यू आला तर ते बचाव गळून पडतात. हयगयीचा शिक्का बसलेल्या ड्रायव्हरच्या विधवेलाही भरपाई मागता येते. हे कित्येक घरांना कुणी सांगतच नाही.

रस्त्यावाल्यांबद्दल म्हणाल, तर 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 198 अ आलं. रस्त्याची रचना, बांधणी किंवा देखभाल यांत ठरलेली मानकं न पाळल्याने मृत्यू झाला तर प्राधिकरण, कंत्राटदार, सल्लागार यांना दंड. धोका ठाऊक होता का, किंवा ठाऊक असायला हवा होता का, आणि धोक्याच्या कोणत्या सूचना लावल्या होत्या, हे न्यायालयाने बघायचं. कलम वाचून बरं वाटतं. मग दंडाची कमाल रक्कम वाचावी: 1 लाख रुपये. तोही वारसांना नाही, सरकारी निधीत. हयगयीने मृत्यू घडवणाऱ्या माणसाला भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 खाली 5 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

भाषांतरवाली
थांबा, याच्याशी जोडून माझी दुसरी अडचण. मसुद्यात एके ठिकाणी ‘कॉम्पेन्सेशन’ आहे, एके ठिकाणी ‘एक्स ग्रेशिया’. पहिल्याला नुकसानभरपाई, दुसऱ्याला सानुग्रह अनुदान. मराठीत वाचणाऱ्याला यातला फरक कळेल?

जुना कारकून
ज्याला पैसे मिळतात त्याला कळतो. सानुग्रह म्हणजे अनुग्रहासह, कृपेने. पालिकेच्या कर्मचाऱ्यांना दिवाळीला मिळतं तेही सानुग्रह अनुदान, आणि पुरात मेलेल्याच्या घरी आपत्ती निधीतून जातात ते 4 लाखही सानुग्रहच. देणाऱ्याने चूक कबूल केलेली नसते, घेणाऱ्याचा हक्क मान्य झालेला नसतो. भरपाईत मात्र खड्डा कबूल आहे. काही उणं केलं होतं, ते भरतोय. म्हणून कचेऱ्यांना ‘सानुग्रह’ हा शब्द प्रिय.

काळा कोट
ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्डे आणि उघडी मॅनहोल यांमुळे मृत्यू झाला तर वारसांना 6 लाख रुपये द्यायला सांगितलं, ते भरपाई म्हणून. सानुग्रहपेक्षा रक्कम 2 लाखांनी जास्त आहे, पण माझ्या लेखी फरक रकमेचा नाही.

फरशीपल्याड
मग पुलावर वाहून जाणाऱ्याने आधी खड्डा शोधावा म्हणता!

काळा कोट
हसण्यावारी नेऊ नका, असे युक्तिवाद होतात.

संस्कृतवाली मावशी
उशिरा आले. ठाण्यात अशा मृत्यूची पहिली नोंद ‘अकस्मात मृत्यू’ अशीच होते ना? संस्कृतात कस्मात् म्हणजे कशामुळे. अकस्मात् म्हणजे ‘कशामुळे’ नसलेलं, विनाकारण. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबईत माणसं बंद मोटारींत गेली. पाण्याच्या दाबाने दारं उघडेनात. त्यातल्या कुठल्या मृत्यूला ‘कशामुळे’ नव्हतं?

ठाणे अंमलदार (निवृत्त)
मावशी, आमच्या कागदात तो अर्थ नाही. अकस्मात म्हणजे कारण अजून ठरलेलं नाही, चौकशी करायची आहे. ती नोंद चौकशी उघडण्यासाठी असते.

संस्कृतवाली मावशी
उघडण्यासाठी हे मान्य. मी अर्थ सांगितला, वापर तुम्ही सांगा.

भाषांतरवाली
सर्वांचे आभार. कलमात ‘दैवी आपत्ती’ ठेवलंय, आणि व्याख्येत ‘पूर्वानुभवावरून कल्पना करता न येणारी’ हे शब्द घातलेत. ‘फरशी’ परिशिष्टात घेतली, ‘कमी उंचीचा पूल’ शेजारी ठेवून. पाटीचा मजकूरही मीच द्यायचा होता. ‘वाहन नेऊ नये’च्या खाली एक ओळ वाढवली: ‘पाणी असताना हा पूल बंद करण्याची जबाबदारी’, आणि पुढे कार्यालयाचं नाव व फोन यांसाठी रिकामी जागा. मसुदा काल परत आला. बाकी सगळं मंजूर आहे. ती ओळ खोडली आहे.