पहिलं बाळंतपण गावाला: पीएचसीतली (प्राथमिक आरोग्य केंद्रातली) सिस्टर पुरेशी की गायनॅकच हवा?

वरच्या_वाडीची: शिमग्याला सगळे गावी जमले आणि हा विषय निघाला तो अजून मिटलेला नाहीये. वहिनी मुंबईची झाली तरी माहेर आमच्याच गुहागर तालुक्यातलं, पहिलटकरीण, पाचवा चालू, तारीख जुलैच्या शेवटाची. भाऊ म्हणतो चिपळूणला गायनॅककडेच नाव घालायचं. माझं मत उलट आहे. बीपी, शुगर ठीक, बाळ एकच, तर पीएचसीतली सिस्टर का नको? डॉक्टर महिन्यातून पाच मिनिटं बघणार, आणि सिस्टर कळा सुरू झाल्यापासून बाजूला असते, पाठ चोळते, चालवते, धीर देते. आणि सिझर बघा की, एनएफएचएस-5 या सरकारी कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2019-21) देशभरात खासगीत 47 टक्के आणि सरकारीत 14. बायकांची शरीरं काय दवाखान्याची पाटी बघून बदलतात?

खाडीपलीकडचा: हा 47 चा आकडा जो तो फेकतो. खासगीत पैशासाठी सिझर होतच नाहीत असं मी म्हणत नाही, होतात, सगळ्यांना माहितीये. पण पीएचसीत ऑपरेशनची सोयच नसते, अडलेली बाई वर पाठवतात, मग सरकारीचा आकडा कमी दिसणारच ना. आणि खरी भीती सिझरची नाहीच. वार पडल्यावर अंगावरून जायला लागलं की दोन तासांतसुद्धा बाई हातची जाऊ शकते, आणि ते सगळे रिपोर्ट चांगले असलेल्या बाईलाही होतं, आधी कळत नाही. पीएचसीत रक्ताची बाटली आहे का? चिपळूण चाळीसेक किलोमीटर, आणि तो रस्ता जुलैत.

नाव_नको_सिस्टर_आहे: मी पीएचसीतच आहे म्हणून लिहिते. बाळ बाहेर आलं की मिनिटाच्या आत ऑक्सिटोसिनचं 10 युनिटचं इंजेक्शन आम्हीच देतो, ते याच रक्तस्रावासाठी असतं, त्याने पुष्कळ टळतं, सगळं टळत नाही. ते थंडच ठेवावं लागतं, त्यामुळे पावसात लाईट गेली की आमचं निम्मं लक्ष फ्रिजकडे. कळा, ठोके, पिशवीचं तोंड किती उघडलं सगळं पार्टोग्राफच्या तक्त्यावर लिहायचं, त्यावरची इशाऱ्याची रेष ओलांडली की 108 ला फोन. झटके आले तर त्यावरच्या मॅगसल्फ इंजेक्शनचा पहिला डोस देऊनच गाडीत घालायचं. आणि खासगीतसुद्धा रात्री दोन वाजता बाईजवळ कोण असतं? सिस्टरच. डॉक्टर डोकं दिसायला लागल्यावर येतात.

माडाखालचो: आमच्या आजयेक सुईणीन सात येळा सोडवल्यान म्हणान सगळे कौतुकान सांगतत. सातातली तीन गेली ता कोणच बोलणा नाय. सावंतवाडीत काय अडला तर अजून बांबोळीक धावतत लोक, गोव्यात. डॉक्टरच बरो.

वरच्या_वाडीची: अहो काका, आजीच्या काळातल्या सुईणीचं कोण बोलतंय. केंद्र सरकारने 2018 मध्ये मिडवाईफसाठी गाईडलाईन काढल्यात, आधीच शिकलेल्या नर्सला वर अठरा महिन्यांचं ट्रेनिंग. ब्रिटनमध्ये तर साधी बाळंतपणं मिडवाईफच करतात, डॉक्टर गुंतागुंत झाली तरच.

खाडीपलीकडचा: मग त्याच गाईडलाईनमध्ये पुढे वाच, ती मिडवाईफची युनिटं मोठ्या सरकारी हॉस्पिटलांसाठी आहेत, जिथे डॉक्टर हाकेच्या अंतरावर. तुझ्या पीएचसीत ते अठरा महिने केलेली कोण आहे? आणि ब्रिटनचंच काढलंस तर तिकडच्या 2011 च्या बर्थप्लेस अभ्यासात हॉस्पिटलपासून वेगळ्या असलेल्या मिडवाईफ केंद्रात गेलेल्या पहिलटकरणींपैकी 36 टक्के हलवाव्या लागल्या. तिनात एक! तिकडे हलवायला धड रस्ते तरी आहेत, इथे वाटेत झाड आडवं पडलेलं असतं.

नाव_नको_सिस्टर_आहे: अभ्यास सांगायचा तर पूर्ण सांगा. त्याच केंद्रांत बाळांना जास्त धोका दिसला नव्हता आणि सिझर कमी झाली होती. हलवणं म्हणजे हरणं नव्हे, वेळेत हलवणं हेच तर आमचं काम.

खाडीपलीकडचा: वेळेत, हो. गाडी वेळेत आली तर.

कोकण_रेल्वे_लेट: दोन्ही पार्ट्यांना एक विचारतो, भूलतज्ज्ञ कुठाय? आमच्या मिसेसच्या वेळी एका नर्सिंग होममध्ये गायनॅक हजर, थिएटर तयार, आणि भूल देणारे दुसऱ्या गावाहून निघालेत म्हणून आम्ही व्हरांड्यात बसलेलो, बाळाने आत शी केली होती. शेवटी सगळं नीट झालं, पण गायनॅकची पाटी बघून नाव घालू नका. रात्री भूल कोण देणार, रक्त कुठून येणार, बाळाचा डॉक्टर किती लांब, हे विचारा. उत्तर द्यायला का कू करत असतील तर सिव्हिल बरं, रत्नागिरीला एका आवारात सगळं मिळतं.

वरच्या_वाडीची: म्हणजे चांगल्या बाईला पण रत्नागिरीच्या गर्दीत नेऊन टाकायचं. एका कॉटवर कोण, शेजारी कोण, आत-तपासणी सतरा जण करणार. ती घाबरते हो अशाने, आणि घाबरलेल्या बाईच्या कळा थांबतात.

कोकण_रेल्वे_लेट: चिपळूणला नातेवाईक असतील तर शेवटचे पंधरा दिवस तिकडे राहायला जा. फक्त बाजारपेठेच्या बाजूला नको, 22 जुलै 2021 आठवा. पाणी पहिल्या मजल्याला लागलं होतं आणि तुमची तारीख नेमकी तेव्हाची.

नाव_नको_सिस्टर_आहे: ताई, इतकं सगळं झालं, हिमोग्लोबिन किती आहे तिचं? ते तुम्ही लिहिलंच नाही.

वरच्या_वाडीची: मुंबईच्या फाईलवर 9.4 आहे. पण खाते-पिते हो सगळं, मासे असतात रोज.

नाव_नको_सिस्टर_आहे: मग सध्या ती माझ्याकडची केस नाही. 11 च्या वर हवं. इतकं रक्त अंगात कमी असलेल्या बाईचं थोडं जरी जास्त गेलं तरी ती सोसत नाही, आणि रक्त माझ्याकडे नाही, तिथे खाडीपलीकडच्यांचं बरोबर. लोहाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून दोन वेळा, जेवणावर लगेच चहा बंद. दर 9 तारखेला सरकारी दवाखान्यात डॉक्टर गरोदर बायकांना फुकट तपासतात, तिकडे न्या, फाईल घेऊन. महिन्याने परत रक्त तपासा आणि आकडा इथे टाका, मग भांडू.

खाडीपलीकडचा: स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

वरच्या_वाडीची: ठेवा. मे मध्ये 11 घेऊन येते.