मदत हवी आहे: समुद्राच्या तळाच्या पाण्यातला ऑक्सिजन कमी खर्चात कसा मोजायचा?

नमस्कार मंडळी,

माझं गाव मालवण तालुक्यात, खाडीच्या तोंडाशी. शिक्षण बीएस्सी रसायनशास्त्र, पण बावीस वर्षांत ब्युरेट हातात धरलेली नाही. तेव्हा सांभाळून घ्या.

सप्टेंबरअखेर गावी होतो. पहाटे काकांच्या रापणीला (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) हात लावायला गेलो. जाळं किनाऱ्याला आलं, तर वरची तारली टणाटण उडत होती आणि तळाची लेप (चपटी मासळी), कुर्ल्या मात्र अर्धमेल्या. कुर्लीला बोट लावलं तरी नांगी उचलत नव्हती. खालची दोरी हाताला गार लागली, वासही कुजक्या अंड्यांसारखा. काका एवढंच म्हणाले, "तळाक पाण्यात जीव नाय रे."

गावात आता दोन तट पडलेत. एक म्हणतो, व्हाळातून (ओढ्यातून) येणारं हॉटेलांचं सांडपाणी. दुसरा म्हणतो, पावसानंतर हे व्हायचंच.

मी वाचलं ते असं. पावसाळी वाऱ्यांमुळे अरबी समुद्रातलं खोलवरचं गार, खारट पाणी आपल्या किनाऱ्याच्या उथळ पट्ट्यावर चढतं. त्यात नायट्रेट भरपूर, ऑक्सिजन नाममात्र. वर पावसाचं गोडं पाणी झाकणासारखं बसतं. शेवाळ माजतं, मरून तळाला जातं आणि उरलासुरला ऑक्सिजन कुजण्यात संपतो. मग जीवाणू नायट्रेटवर जगतात, तेही संपलं की सल्फेटवर. तो वास तिथला. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे नक्वी आणि सहकारी यांनी २००० साली 'नेचर'मध्ये हे मांडलं होतं. हा प्रकार वाढतोय आणि त्यामागे जमिनीवरून येणारं नत्र असू शकतं, असं त्यांचं म्हणणं. त्यावर पुढे बराच खल झालाय.

मिसिसिपीच्या मुखाशी हिशोब सरळ आहे: मक्याच्या शेतांतलं खत नदीतून मेक्सिकोच्या आखातात. २०१७ मध्ये तिथला मृत पट्टा (जिथे तळाला ऑक्सिजन जवळपास उरत नाही) सुमारे २२,७०० चौ. किमी होता. आपल्याकडे सांगली-कोल्हापूरच्या उसाचा युरिया कृष्णेतून पूर्वेला, बंगालच्या उपसागरात जातो. युरियावर सगळं ढकलणारे हे विसरतात. मग इथे उरतं काय? सांडपाणी, कोळंबीची तळी, आमच्याच बागांचं खत. यातलं किती, समुद्राचं स्वतःचं किती, हे कसं वेगळं करायचं? ग्रामसभा तीन आठवड्यांवर आहे, हातात एखादा आकडा हवा. मीटर परवडणारा नाही.

प्रतिसाद

आधी सांगा, रापण ओढायला किती वेळ लागला? दोन-तीन तास घासत आलेली लेप तशीही गळाठते. मासळी हा पुरावा धरू नका, पाणी मोजा.

विंकलर पद्धत वापरा, म्हणजे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन रसायनं घालून मोजायचा. नमुना घेतानाच बहुतेक जण चुकतात. दगड बांधलेली बाटली खाली सोडून बूच ओढलं की हवा बुडबुडत बाहेर पडते आणि पाण्यात ऑक्सिजन मिसळतो, आकडा फुगतो. म्हणून मोठ्या बरणीत छोटी बाटली ठेवा. पाण्याची नळी छोटीच्या तळापर्यंत न्या, हवेची नळी बरणीच्या झाकणातून काढा. छोटी बाटली भरून तीनेक वेळा ओसंडली पाहिजे. मॅंगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड होडीवरच घाला. साका (खाली बसणारा गाळ) तपकिरी आला तर ऑक्सिजन आहे, पांढराच राहिला तर जवळपास नाही. हे ग्रामसभेलाही दिसेल. पुढचं टायट्रेशन (थेंबाथेंबाने रसायन घालून नेमकं प्रमाण काढणं) कॉलेजच्या प्रयोगशाळेत करून घ्या. लिटरला २ मिलिग्रॅमच्या खाली गेलं की मासळीला त्रास. हवेतला ऑक्सिजन पुरता मुरलेल्या गरम समुद्रात ते सहाच्या पुढे असतं. अंड्यांचा वास असेल तर टायट्रेशन चुकतं, ते नोंदवून ठेवा.

आणि तापमान, क्षारता (खारटपणा) मोजायला सोडू नका. व्हाळाजवळ आणि लांब, सारख्याच खोलीवर. दोन्हीकडे गार-खारट आणि ऑक्सिजन कमी, तर पाणी खोल समुद्रातून आलंय. फक्त व्हाळापाशी कोमट, कमी खारट आणि कमी ऑक्सिजन, तर सांडपाण्याकडे बोट जातं. पहिल्या प्रकारातही सांडपाणी निर्दोष सुटत नाही, त्याचं नत्र वरच्या शेवाळाला खाऊ घालतंच.

धागाकर्ता

ओढायला पावणेदोन तास. मुद्दा मान्य, मासळीवरून बोलणं बंद.

बरणी लोणच्याची मिळाली, नळ्या मत्स्यटाकीच्या दुकानातून आणतो. काका विचारतायत, दोरी पाच वाव (साधारण नऊ मीटर) सोडली तर पुरेल का? आणि गाळात बुडू नये म्हणून बरणी तळापासून किती वर धरायची?