दहा टक्क्यांच्या आत म्हणजे सुटलो?

प्रबंधातलं लिखाण दुसऱ्यांच्या लिखाणाशी किती टक्के जुळतं, म्हणजे त्यात किती साम्य आहे, हे तपासलं जातं. त्यावर ‘साम्य १० टक्क्यांच्या आत आणा, बाकी काही बघावं लागत नाही’ असा सल्ला दिला जातो, तो मला पटत नाही. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) वाङ्मयचौर्याबद्दलच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंत दंड नाही, हे खरं. पण श्रेय देऊन घेतलेली अवतरणं आणि संदर्भसूची त्या मोजणीत धरतच नाहीत. म्हणून टक्का वाढेल या भीतीने अवतरणचिन्हं काढून शब्द फिरवणं उलट अंगाशी येतं.

मी मुलांना उतारा वाचून पुस्तक मिटायला लावते. मग मुद्दा मैत्रिणीला सांगायचा आणि सांगितला तसाच लिहायचा. वाक्यं आपोआप स्वतःची होतात. मूळ लेखकाचं नाव मात्र तिथल्या तिथे लिहायचं, नंतर सापडत नाही.